डोंगल लावलं की लिनक्स कॉम्प्युटर हँग होतो? आधी हे तपासा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं, तो मस्त पळायला लागला, आणि मग घरातलं यूएसबी डोंगल लावलं तर सगळं जागच्या जागी थांबलं, असं कधी झालंय का? माउस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही, अर्धा भरलेला फॉर्म समोर तसाच अडकलेला. अशा वेळी बहुतेक जण पॉवर बटण दाबून धरतात आणि दोन-तीनदा असं झालं की "लिनक्सच खराब आहे" म्हणून सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. पण पुन्हा इन्स्टॉल करून हा प्रॉब्लेम सहसा सुटत नाही, कारण बिघाड नक्की कुठे आहे हेच पाहिलेलं नसतं. चला तर मग, टप्प्याटप्प्याने शोधूया.

(कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या असतात. इथे त्यांची अक्षरं उच्चारून दिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी लहान अक्षरं वापरा.)

हँग झाला म्हणजे नक्की काय झालं?

बाहेरून एकसारखे दिसणारे तीन वेगळे प्रकार असतात.

पहिला: फक्त स्क्रीन अडकली आहे. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं तर सिस्टिम जिवंत आहे, अडकलाय तो फक्त डेस्कटॉप.

दुसरा: एखादा प्रोग्रॅम डोंगलच्या उत्तराची वाट बघत बसला आहे. कॅप्स लॉकचा दिवा चालू-बंद होतो, पण फाइल मॅनेजर किंवा नेटवर्कची खिडकी उघडत नाही. डोंगल काढल्यावर काही सेकंदांत सगळं मोकळं झालं, तर हाच प्रकार समजा.

तिसरा: कर्नलच थांबला आहे, म्हणजे लिनक्सचा गाभाच बंद पडला. कॅप्स लॉकचा दिवा दाद देत नाही, किंवा बऱ्याच लॅपटॉपवर तो आपोआप लुकलुकत राहतो. लुकलुकणं हे 'कर्नल पॅनिक'चं लक्षण आहे.

पॉवर बटण दाबायच्या आधी

एकदम वीज तोडली तर डिस्कवर लिहायची राहिलेली माहिती जाते, कधी कधी फाइल सिस्टिमही बिघडते. म्हणून आधी हा उपाय करून बघा: अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी ही अक्षरं दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही लागतं. एसमुळे राहिलेली माहिती डिस्कवर लिहिली जाते, यूमुळे डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते आणि बीमुळे कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. उबुंटूमध्ये ही तीन अक्षरं आधीपासून चालू असतात. मात्र तुम्ही सेव्ह न केलेलं लिखाण याने परत येत नाही, त्यामुळे डोंगलची तपासणी करताना महत्त्वाचं काम उघडं ठेवू नका.

डोंगलच्या पोटात काय असतं?

आपल्याला ते एक उपकरण वाटतं, पण कॉम्प्युटरला त्यात बऱ्याचदा तीन उपकरणं दिसतात. लावल्या लावल्या बरीच डोंगल स्वतःला 'सीडी ड्राइव्ह' म्हणून ओळख देतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. मग लिनक्समधला 'यूएसबी मोडस्विच' हा प्रोग्रॅम त्याला इशारा देतो आणि ते मोडेम बनतं. मेमरी कार्डची जागा असेल तर तिसरं उपकरण म्हणजे कार्ड रीडर. हे रूप बदलताना गाडी अडली की हँग होण्याची शक्यता वाढते.

तुमचं डोंगल कोणत्या रूपात आहे ते पाहायला टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी टाइप करा. यादीतल्या प्रत्येक ओळीत दोन भागांचा कोड असतो. हुवावेच्या डोंगलचा पहिला भाग १२डी१ आणि झेडटीईचा १९डी२ असतो. लावल्यावर लगेच एकदा आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा बघा. कोडचा दुसरा भाग बदलला तर रूप बदललं.

पुरावा पकडा

एखादा गुन्हा उकलावा तसंच हे काम आहे, अंदाजापेक्षा पुरावा मोठा. डोंगल न लावता कॉम्प्युटर सुरू करा. कंट्रोल, अल्ट, एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा. तिथे सुडो, स्पेस, डी-एम-ई-एस-जी, स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून डब्ल्यू असं टाइप करून एंटर दाबा. आता कर्नल जे बोलेल ते तुमच्यासमोर छापलं जाईल. मग डोंगल लावा. कॉम्प्युटर थांबलाच तर शेवटच्या ओळी स्क्रीनवरच राहतील. फोनने त्यांचा फोटो काढा. पूर्ण हँगमध्ये शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोचतीलच असं नाही, म्हणून हा फोटो फार कामाचा.

रीस्टार्ट झाल्यावर आधीच्या वेळची नोंदही बघता येते. जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल, मग स्पेस देत वजा के, वजा बी आणि वजा १. थेट शेवटी जायला शिफ्ट धरून जी दाबा.

नोंदीचा अर्थ साधारण असा लावा:

• 'ओव्हर-करंट', किंवा पुन्हा पुन्हा 'यूएसबी डिसकनेक्ट': विजेचा संशय.
• 'एरर -७१' किंवा '-११०': डोंगल आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं तुटतंय. केबल, पोर्ट किंवा वीज तपासा.
• 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स': एखादा प्रोग्रॅम अडकून बसलाय. खोटी सीडी किंवा मेमरी कार्ड तपासा.
• 'ऊप्स' किंवा 'पॅनिक': ड्रायव्हर किंवा कर्नलमधली चूक.

कारणं आणि उपाय

१. वीज कमी पडते. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९०० पर्यंत. रेंज कमी असली की डोंगलला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो आणि विजेची ओढ वाढते. त्यामुळे गॅलरीत चालणारं डोंगल आतल्या खोलीत हँग करू शकतं! लांब एक्स्टेन्शन केबल आणि साधा हब काढून टाका. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा. हब हवाच असेल तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्या. एक सोपी परीक्षा: सिमकार्ड काढून डोंगल लावा. सिमशिवाय सगळं ठीक आणि इंटरनेट जोडताच हँग, तर आधी विजेकडेच बघा.

२. खोटी सीडी आणि मेमरी कार्ड. डोंगलमध्ये कार्ड असेल तर काढा, खराब कार्डमुळेही फाइल मॅनेजर अडकतो. कोडचा दुसरा भाग बदलतच नसेल, तर 'यूएसबी मोडस्विच' आणि त्याचं डेटा पॅकेज इन्स्टॉल आहे का ते पाहा. त्यासाठी नेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स तो सहसा लगेच ओळखतं.

३. एकाच मोडेमवर दोन मालक. उबुंटूत 'मोडेममॅनेजर' नावाची सेवा मागे चालू असते आणि नवं मोडेम दिसताच त्याच्याशी बोलायला जाते. तुम्ही 'डब्ल्यूव्ही-डायल'सारखा दुसरा डायलरही वापरत असाल तर दोघांची ओढाताण होते. सुडो, सिस्टिमसीटीएल, स्टॉप, मोडेममॅनेजर (दोन्ही एम मोठे, नाव सलग) असं टाइप करून सेवा थांबवा आणि मग डोंगल लावा. हँग थांबला तर दोघांपैकी एकच ठेवा.

४. वीजबचतीची डुलकी. काही मिनिटं नेट न वापरल्यावरच हँग होत असेल तर यूएसबी पोर्ट झोपवण्याची सोय नडत असू शकते. सुरू होतानाच्या ग्रब मेनूत ई दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'यूएसबीकोर डॉट ऑटोसस्पेंड बरोबर वजा १' हे चिन्हांसह सलग लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे प्रयोगाला भीती नाही.

५. कर्नलची आवृत्ती. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर ग्रब मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. उलट सिस्टिम जुनी असेल तर नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून डोंगल चालवून बघा. यात तुमच्या डिस्कवरचं काहीच बदलत नाही.

हे विसरू नका

एका वेळी एकच गोष्ट बदला. पोर्ट, कर्नल आणि सेटिंग एकदम बदललं आणि हँग थांबला, तर नेमकं कशाने थांबला हे कळणार नाही. डोंगल काढण्याआधी कनेक्शन बंद करा, चालू कनेक्शनमध्ये ओढून काढल्यानेही काही जुने कर्नल कोसळतात.

आणि शेवटचा निकाल दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. तिथेही, अगदी विंडोजवरसुद्धा, डोंगल सारखं तुटत असेल तर दोष डोंगलचा आहे. मग लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. सगळीकडे नीट चालून फक्त तुमच्याच लॅपटॉपवर अडत असेल, तर तुम्ही काढलेला तो फोटो आणि डोंगलचा कोड जाणकाराला दाखवा. "हँग होतो" एवढंच सांगण्यापेक्षा या दोन गोष्टींवरून उत्तर लवकर सापडतं.