व्याख्यानाला का जावे? नांदेड-लातूरच्या विद्यापीठाचा थोडा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाची पोरं म्हणाली. आम्ही म्हटलं, बाबांनो, आमचं शिक्षण दहावी नापास, हात डाळीच्या पोत्याला लागलेले, आम्ही काय लिहिणार? पण डाळ मिलची पाळी संपली की जिथे कुठे व्याख्यान असेल तिथे जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे, ही सवय आम्हाला पंचवीस-तीस वर्षांपासून आहे. बायको म्हणते, पोटाला काय मिळतं तिथं? त्याचे उत्तर पुढे येईल.

निजामाच्या राज्यात मोठ्या शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते, 1918 साली निघालेले, आणि शिकवणे उर्दूतून. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. विद्यापीठात राजकारण आणू नका असे म्हणणारे पुढारी आजही भेटतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. 1950 साली परमपूज्य बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच आपले मिलिंद. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झाले.

त्यानंतरचे आपल्या घरोघरी माहीत आहे, पण नव्या पिढीला तारखा सांगता येत नाहीत म्हणून लिहितो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे 4 ऑगस्टला मारले गेले. ते मातंग समाजाचे होते, हे मुद्दाम सांगतो, कारण नामांतर म्हणजे एकाच जातीचा हट्ट होता असे म्हणणारे अजून आहेत. आम्ही तेव्हा शाळेत जाणारे पोर. आई रात्री दिवा विझवून ठेवायची, एवढेच आठवते. 1979 साली नागपूरहून लाँगमार्च निघाला. सोळा वर्षे गेली. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला दोन महिनेही झाले नव्हते. शेवटी 14 जानेवारी 1994 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले.

आणि त्याच साली, 17 सप्टेंबर 1994 ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. लातूरही तिकडे गेले. म्हणजे ज्या नांदेड जिल्ह्याने पोचीराम आणि गौतम दिले, त्या जिल्ह्याच्या पोराच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नाही. स्वामीजींबद्दल आमच्या मनात आदरच आहे. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ त्यांनी उमेदीच्या काळात काम केले होते, आम्हा कामगारांना ते कसे परके वाटतील? नांदेडला विद्यापीठ आले हेही गरिबांच्या पोरांसाठी चांगलेच झाले, एवढ्या लांब जाणे वाचले. पण सल आहे ती आहे. ती लपवून इतिहास लिहिता येत नाही.

आता व्याख्यानांचे. इतिहासाला वर्तमानाशी जोडून बोलणे हे बाबासाहेबांनीच दाखवले. 18 जानेवारी 1943 ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीला ते बोलले, विषय रानडे, पण गांधी आणि जिना यांचाही हिशेब त्याच भाषणात झाला. आपल्या नांदेडला नरहर कुरुंदकर होते. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, मनुस्मृतीवरही बोलणारा माणूस. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच ते गेले. आम्हाला ते ऐकायला मिळाले नाहीत, आम्ही बारा वर्षांचे होतो. जुन्या माणसांकडून ऐकले आणि पुस्तके वाचली, तेवढेच.

आम्ही ऐकलेल्यातले एकच सांगतो. नांदेडला विद्यापीठात नामांतरावर व्याख्यान होते. लातूरहून एस.टी.ने आम्ही चौघे गेलो, त्या दिवसाचा रोज बुडाला. प्राध्यापक म्हणाले, 1978 ला फक्त नावावरून घरे जळाली नाहीत. ज्यांनी गावकीची कामे सोडली, ज्यांनी गायरान कसायला घेतले, त्यांच्यावर राग होता, नाव हे निमित्त. मग त्यांनी 1959 चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह सांगितला, आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण शासनाने 1991 साली कसे घेतले तेही सांगितले. पुरावा कोणता? तर तलाठ्याकडची गाव नमुना 1-ई ची नोंद आणि दंडाच्या पावत्या. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, असे आपले लोक समजायचे आणि पावत्या चुलीत घालायचे! तोच कागद कसल्याचा पुरावा होता. आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशी तोंडावर पदर धरून बसल्या. त्यांच्या घरात तसेच झाले होते.

2022 साली गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या, तेव्हा हे व्याख्यान आमच्या कामी आले. आमच्या मूळ गावी चुलतभावाकडे जाऊन पत्र्याची पेटी उपसली. 1986 ची एक आणि 1989 ची एक, अशा दोन पावत्या निघाल्या, उंदराने कडा खाल्लेल्या, पण तारीख आणि गट नंबर शाबूत. बायको ते पाहून म्हणाली, बरं झालं गेलात.

सगळीकडे मात्र असा मान मिळत नाही. एका कॉलेजात, नाव घेत नाही, दारावरच्या माणसाने आमचे कपडे पाहून सांगितले, कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी आहे. पत्रिकेवर तर 'सर्वांस आग्रहाचे निमंत्रण' छापले होते. आम्ही ती पत्रिका त्याच्यापुढे धरली आणि आत गेलो. तेव्हापासून पत्रिका खिशात ठेवूनच जातो.

पुढच्या व्याख्यानाची पत्रिका आली की विहाराच्या फळ्यावर लावू. ज्या घरात गायरानाचे काही असेल, त्यांनी पेटीतले कागद सोबत घ्यावेत. बोलणे संपल्यावर प्रश्न विचारायला वेळ देतात, तेव्हा उभे राहून विचारा. एस.टी.चे भाडे नसेल तर आम्हाला सांगा.