परदेशात शिकलेल्या डॉक्टरांचे मूल्यमापन व प्रशिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूर शहर महाराष्ट्रभर ओळखले जाते. मात्र तयारी करणाऱ्या प्रत्येकास शासकीय जागा मिळत नाही. त्यामुळे मराठवाड्यातील अनेक विद्यार्थी रशिया, चीन, फिलिपाइन्स, कझाकस्तान यांसारख्या देशांत शिकावयास जातात. पदवी घेऊन परतल्यावर त्यांची परीक्षा घेतली जाते. परंतु त्यांपैकी प्रत्येकाला नेमके काय शिकवावयास हवे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या मूल्यमापनाचा विकास अभ्यासणे.
२) मूल्यमापन आणि वैयक्तिक शैक्षणिक गरजा यांतील अंतर स्पष्ट करणे.
३) देवणीसारख्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने उपाय सुचविणे.

संशोधन पद्धती :
या निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

आरंभीचा काळ :
आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. परक्या देशात शिकत असतानाही आपल्याला कोणत्या रुग्णांकडे परतावयाचे आहे, याचे भान त्यांना होते, असे या निवडीवरून दिसते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकून त्यांनी १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेतली आणि पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. भारतात परतणाऱ्या डॉक्टरासाठी त्या काळी आजच्यासारखी चाळणी परीक्षा नव्हती. पदवी आणि शिफारस एवढे पुरेसे मानले जाई.

दाराची उभारणी :
विसाव्या शतकात ही स्थिती बदलली. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यापूर्वी अनेक वर्षे वादाचा मुख्य मुद्दा प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणातील उणिवेचा होता. उणीव एका विषयातील होती, निर्णय मात्र सरसकट सर्वांवर लादला गेला. १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यक परिषदेची तरतूद झाली, त्यामागे या संघर्षाची पार्श्वभूमी होती. १९७५ मध्ये ब्रिटनने पुन्हा भारतीय पदव्यांची मान्यता थांबविली आणि परदेशी डॉक्टरांचे भाषाज्ञान व वैद्यकीय ज्ञान तपासणारी परीक्षा सुरू केली. तीच पुढे ‘प्लॅब’ या नावाने परिचित झाली. आज तिच्या दुसऱ्या भागात उमेदवाराचे रुग्णाशी बोलणे, तपासणे व कौशल्ये प्रत्यक्ष पाहिली जातात.

जो अनुभव भारतीय डॉक्टरांनी ब्रिटनमध्ये घेतला, तोच परदेशात शिकलेल्या भारतीयांना स्वदेशी घ्यावा लागला. २००१ मधील दुरुस्ती आणि २००२ चे विनियम यांनुसार अशा पदवीधरांना चाळणी परीक्षा अनिवार्य झाली. तीनशे प्रश्न, प्रत्येकास पर्याय आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान दीडशे गुण, असे तिचे स्वरूप आहे. गेल्या दशकात बहुतेक वेळा एक तृतीयांशाहूनही कमी उमेदवार उत्तीर्ण झाले. समाजाच्या रक्षणासाठी अशी परीक्षा आवश्यक आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र तिच्यात प्रात्यक्षिक नाही. १४० गुण मिळविणारा कोठे अडला आणि १६० मिळविणाऱ्याला काय येत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या निकालातून मिळत नाहीत.

देवणीचा संदर्भ :
१९५६ पूर्वी देवणी परिसर हैदराबाद संस्थानातील व नंतरच्या हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणही उर्दूतून दिले. या सीमाभागातील रुग्ण मात्र मराठी आणि कन्नड बोलत. डॉक्टराची शिकण्याची भाषा आणि रुग्णाच्या दुखण्याची भाषा निराळी असणे, हा प्रश्न या भूमीला नवा नाही.

आज त्यात आणखी भर पडली आहे. थंड हवामानाच्या देशात, परक्या भाषेच्या रुग्णांमध्ये शिकलेल्या डॉक्टरास येथे सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा, क्षयरोग आणि गरोदर स्त्रीचा रक्तक्षय यांना सामोरे जावे लागते. एखाद्याचे पुस्तकी ज्ञान उत्तम असते, पण प्रसूतीत प्रत्यक्ष हात घातलेला नसतो. दुसऱ्याचे हात तयार असतात, पण औषधांच्या मात्रेत तो चाचपडतो. १९२२ नव्हे, तर २०२२ मध्येही असाच प्रश्न उभा राहिला : युक्रेनमधील युद्धामुळे सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थ्यांचे शिक्षण विस्कळीत झाले. कोणी पहिल्या वर्षात होते, कोणी अखेरच्या. या सर्वांची गरज एकच कशी असेल?

उपाय :
२०२१ च्या विनियमांनी भारतातील बारा महिन्यांची देखरेखीखालील आंतरवासिता आवश्यक ठरविली आहे. नांदेड येथे १९८८ पासून आणि लातूर येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांत पुढील गोष्टी करता येतील :
१) आंतरवासितेच्या आरंभीच प्रत्येकाची प्रात्यक्षिक चाचणी घेऊन उणिवांची नोंद करावी. ही चाचणी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्यासाठी नसावी.
२) त्या नोंदीनुसार विभागवार कालावधीत लवचीकता ठेवावी.
३) प्रत्येकास एक मार्गदर्शक अध्यापक द्यावा आणि दर तीन महिन्यांनी प्रगती तपासावी.
४) रुग्णाशी स्थानिक बोलीत संवाद साधण्याचा सराव ग्रामीण आरोग्य केंद्रात द्यावा.

निष्कर्ष :
रखमाबाईंच्या काळापासून आजपर्यंत आपण दार अधिकाधिक भक्कम केले. दारातून आत आलेल्याला शिकविण्याची व्यवस्था मात्र त्या प्रमाणात उभी राहिली नाही. परीक्षा ही अपात्रास रोखते, शिक्षण हे पात्रास सक्षम करते. १९३० मध्ये सरसकट निर्णयाचा अन्याय आपण ओळखला होता. आपल्याच मुलांच्या बाबतीत तो विसरता कामा नये. रात्री-अपरात्री सर्पदंशाचा रुग्ण घेऊन येणारा शेतकरी डॉक्टराची पदवी कोणत्या देशाची, हे विचारत नाही. त्या क्षणी डॉक्टराला काय येते, एवढेच महत्त्वाचे असते आणि ते पाहण्याची जबाबदारी शिक्षणव्यवस्थेची आहे.