सांडव्याची कुळकथा

नरपडच्या किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी इतके मागे सरते की, त्या ओल्या पटावर उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्र म्हणजे क्षितिजावरची एक चकचकीत रेघ वाटावी. भरतीला तेच पाणी पुन्हा काठाशी येऊन थडकते, आणि आपण कुठवर यावे याचा निवाडा ते स्वतःच करते. घरी काचेच्या टाकीत खारे पाणी आणि त्यातले मासे सांभाळणाऱ्याला मात्र तो निवाडा आधीच करून ठेवावा लागतो. पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली, पंप थांबला, आणि पहाटे अंथरुणातून उतरताच माझे पाय पाण्यात पडले. बोट जिभेला लावून पाहिले, तो खारट. कुठे गळती नव्हती, काच तडकली नव्हती. दर्शनी टाकीच्या खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतून पाणी ज्या नळीने वर चढत असे, त्याच नळीने ते रात्रभर निमूटपणे खाली उतरून खालच्या टाकीच्या काठांवरून लादीवर पसरले होते.

या नळीचे कूळ शोधू लागलो, तेव्हा प्रथम आठवला तो लहानपणी पाहिलेला पितळेचा वसुदेवाचा पेला. मधोमध वसुदेव, त्याच्या डोक्यावर बाळकृष्ण. पाणी ओतत जावे, ते वसुदेवाच्या छातीशी, गळ्याशी यावे, आणि बाळाच्या पायाला त्याचा स्पर्श होतो न होतो तोच सबंध पेला तळातून रिता व्हावा. मूर्तीच्या पोटात दडवलेली वक्रनलिका हे त्या यमुनेच्या नम्रतेचे रहस्य. पाणी तिच्या वाकाच्या माथ्यावर पोचले की ते आपल्याच भाराने मागचे सारे पाणी ओढून नेते, आणि हवा आत शिरेपर्यंत थांबत नाही. ग्रीकांकडेही याच युक्तीचा पेला होता आणि त्याला पायथागोरसचे नाव चिकटले; पण आपल्या कारागिरांनी त्या यंत्राला जी कथा दिली, तिला तोड नाही. माझ्या घरात त्या रात्री घडले ते हेच, फक्त बाळकृष्णाचा पाय कुठे आहे हे मी ठरवले नव्हते.

वर दर्शनी टाकी आणि खाली साठवणीची, ही मांडणी विल्यम आल्फर्ड लॉइड या इंग्रज गृहस्थाची देणगी मानावी लागेल. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले त्याचे मत्स्यालय 1871 साली उघडले. समुद्र दूर, तेव्हा तेच पाणी पुनःपुन्हा वापरणे प्राप्त, सबब त्याने टाक्यांखाली अंधारा, विशाल हौद बांधून पाणी यंत्राने अखंड वर चढवण्याची तजवीज केली. आज घरोघरच्या कपाटांत दडलेली खालची टाकी त्याच हौदाचे धाकटे अपत्य आहे.

उलट्या प्रवाहाचा बंदोबस्त मात्र आपल्या खाडीकाठाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोकणपट्टीत खारजमिनींच्या बांधात उघाडी बसवतात: वरून टांगलेली लाकडी झडप, जी भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबाने उघडते. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. पंपाच्या नळीतली एकदिशा झडप हे तिचेच बोटभर रूप. आणि दोघींचा दोषही एकच. उघाडीत काटकी अडकली की खारे पाणी शेतात शिरते, आणि टाकीतल्या झडपेत चिमुकला शंख अडकला की ती मिटत नाही. झडपेवर पहारा हवाच.

म्हणून माझा अधिक इतबार आहे तो सांडव्यावर. सांडणे या धातूपासून आलेला हा शब्द धरणांच्या संदर्भात आपल्या तोंडी रुळला आहे. पाण्याला ठराविक उंचीवर वाट मोकळी ठेवायची, इतकाच त्याचा अर्थ. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली खडकवासल्याला पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तेव्हा त्यांनीही पाण्याच्या पातळीलाच पहारेकरी नेमले. टाकीचा कंगव्यासारखा दंतुर काठ हाही सांडवाच.

मग मी हिशेब मांडला. वरची टाकी 120 सेंटीमीटर लांब, 45 रुंद. पाणी एक सेंटीमीटर उतरले की 5.4 लिटर खाली येते. पंपाचे पाणी वर आणणाऱ्या नळीचे तोंड तिथल्या पाण्यात 8 सेंटीमीटर बुडालेले, म्हणजे 43 लिटरांहून अधिक. आणि खालच्या टाकीत मोकळी जागा जेमतेम 20 लिटरांची. नळीला पृष्ठभागाखाली एक सेंटीमीटरवर बारीक भोक पाडले, आणि खालच्या टाकीत पाणी कुठवर भरावे याची रेघ बाहेरून रंगाने ओढली. त्या भोकात शेवाळ आणि मिठाचा खडा धरतो, म्हणून दर रविवारी दाभणाने ते साफ करतो. आता वीज गेली की काळोखात क्षणभर खळखळ ऐकू येते, मग त्या भोकातून हवा आत शिरल्याचा घुर्र असा आवाज होतो, आणि पाणी जागच्या जागी थांबते.