कोंबडीच्या मांसातील प्रतिजैविकरोधी जीवाणू

प्रतिजैविकांना न जुमानता वाढणारे एश्चेरिकिया कोलाय, साल्मोनेला यांसारखे जीवाणू कोंबडीच्या आतड्यात असतात आणि कत्तलीच्या वेळी विष्ठेचा संसर्ग झाल्यास मांसावर पसरतात. खाद्यातून अल्प मात्रेत दीर्घकाळ प्रतिजैविके दिल्यास संवेदनशील जीवाणू मरतात व रोधक जीवाणू फोफावतात. यांतील सर्वांत चिंताजनक उदाहरण कोलिस्टिनचे आहे. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर अत्यवस्थ रुग्णाला दिले जाणारे हे औषध कुक्कुटपालनात वजनवाढीसाठी वापरले जाई. त्याला रोध करणारे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडावर, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर असते, असे २०१५ मध्ये चीनमधील संशोधनातून उघड झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. हा निर्णय आवश्यकच होता.  मांस आतपर्यंत ७४° से. तापमानाला शिजल्यास रोधक जीवाणूही मरतात. मात्र कच्चे मांस नळाखाली धुतल्याने उडणारे तुषार, तसेच मांस कापलेल्या विळीवरच चिरलेली कोशिंबीर यांतून ते पोटात जाऊ शकतात.