सुधाकर मीटिंगला गेला असता तर...

ऑफिसातल्या एका मित्राने मध्यंतरी विचारलं, "सांगली साईडला दारू सोडणार्‍यांचा एखादा ग्रुप असतो का रे?" नातेवाईकासाठी हवा होता. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की दारू सोडायला 'ग्रुप' लागतो ही कल्पना मुळात आली कुठून?

मराठीतला दारुड्यांचा सगळ्यात फेमस ग्रुप गडकर्‍यांनी काढला. 'एकच प्याला'तलं तळीरामाचं आर्य मदिरामंडळ! पहिला प्रयोग बडोद्याला झाला, २० फेब्रुवारी १९१९ ला. तेव्हा गडकर्‍यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सिंधूच्या भूमिकेतले बालगंधर्व मूळचे सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. हे नाटक रडकं म्हणून लक्षात राहतं, पण मला त्यातला भयंकर भाग वेगळाच वाटतो. सुधाकर मध्ये दारू सोडतो. खरंच सोडतो. मग कामधंदा शोधायला जातो, तिथे जुनी ओळखीची माणसं त्याची हाडहूड करतात आणि गडी परत प्यायला लागतो. प्यायचं म्हटलं तर अख्खं मंडळ हजर. न पिता एक संध्याकाळ काढायची तर शेजारी कोणी नाही. सिंधू होती की, असं म्हणाल. होती. पण तलफ म्हणजे काय हे तिला कुठून माहीत असणार?

पुढची गोष्ट अमेरिकेतली, ओहायोमधल्या अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावातली. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन, शेअरबाजारातला माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. ज्या डीलसाठी आला होता ते फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बार, दुसर्‍या बाजूला टेलिफोन. त्याला कळलं की आत्ता आपल्याला दुसरा एखादा बेवडा भेटला नाही तर आपण संपलो. फोनाफोनी करत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टरने फक्त पंधरा मिनिटं देईन म्हणून बजावलं होतं, पण बोलणं काही तास चाललं. बिलने उपदेश केलाच नाही, नुसतं स्वतःचं सांगितलं. डॉक्टर मध्ये एकदा घसरला, पण १० जून १९३५ नंतर प्यायला नाही. तीच अल्कोहोलिक्स अनॉनिमसची (एए) जन्मतारीख. भारतात एए आलं १९५७ साली.

त्यांचं मुख्य सूत्र काय, तर दहावा नाही, पहिला प्याला टाळायचा आणि तोही फक्त आजच्या दिवसापुरता. म्हणजे गडकर्‍यांनी बग बरोबर पकडला होता, फिक्स सोळा वर्षांनी आला :)

आता आपल्याकडे काय झालं बघा. सातारा आणि सांगली हे तेव्हा एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. इथे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारने दारूबंदी केली. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मग २००८ चा नियम, की गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद. जावळी तालुक्यातल्या बायकांनी तो नियम गाजवला. मला या बायकांबद्दल प्रचंड आदर आहे. पण हे सगळे उपाय दुकानावरचे. दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी सात वाजता ज्याचे हात थरथरतात, त्याने कुठे जायचं?

त्याच्याकडे लक्ष गेलं उशिरा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण काढलं, तेही आधी गर्दच्या व्यसनासाठी. सातार्‍यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभं केलं. दाभोलकर सातार्‍याचे, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, डॉक्टरकी मिरजेची. अंधश्रद्धा निर्मूलनापुढे त्यांचं हे काम झाकलं जातं, असो.

मीटिंगला फी नसते, रजिस्टर नसतं, आडनाव विचारत नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा. पुण्या-मुंबईत निनावी राहणं सोपं आहे हो. सातार्‍यात मीटिंगच्या दारातच चुलत्यांचा मित्र भेटायचा! (अर्थात तोही आतच चाललेला असतो.) फारच संकोच वाटला तर सातारकराने कर्‍हाडची किंवा सांगलीकराने कोल्हापूरची मीटिंग शोधावी, गावाची अट नाही. 'ओपन' मीटिंगला घरचेही बसू शकतात.

एक मात्र नक्की. रोज भरपूर पिणार्‍याने एकदम घरच्या घरी बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

आणि सिंधूचं काय? घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, १९५१ पासून; बिलची बायको लोइस हिने सुरू केलेलं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' आहे. पिणारा अजून यायला तयार नसला तरी घरच्यांनी आधी जाऊन बसायला काहीच हरकत नसते.