स्विचवरचा हिरवा दिवा

बीड जिल्ह्यातल्या ज्या शाळांत संगणक कक्ष आहे, तिथे भिंतीवर किंवा कपाटावर एखादी चपटी पेटी दिसते. तिला आठ, सोळा किंवा चोवीस खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक वायर आणि खाचेजवळ एकदोन इवलेसे दिवे. ही पेटी म्हणजे नेटवर्क स्विच आणि खाच म्हणजे पोर्ट. 'यू-डायस'ची माहिती भरायची मुदत संपत आलेली असते, पडद्यावर काही उमटत नाही आणि दुरुस्तीचा माणूस येणार छत्रपती संभाजीनगरहून, सव्वाशे किलोमीटरवरून. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "हिरवा दिवा लागलाय, म्हणजे नेट चालू आहे." हे विधान निम्मेच बरोबर आहे. उरलेले निम्मे समजण्यासाठी या दिव्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्यामागची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे.

परळी वैजनाथच्या मुलांना रेल्वेचा सिग्नल लहानपणापासून ओळखीचा असतो. (बीड शहरातल्या मुलांना मात्र आपल्या गावी रेल्वेगाडी येण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावे लागले.) पुढचा मार्ग मोकळा आहे, हे सिग्नलला कळते कसे? अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली त्यासाठी एक युक्ती पेटंट केली. लोहमार्गाच्या एका तुकड्याच्या दोन्ही रुळांतून सतत क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले ठेवायचा. प्रवाह पोहोचतो आहे तोवर मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. पण खरी खुबी पुढेच आहे. रूळ तुटला, बॅटरी उतरली, तार निखळली, तरीही सिग्नल लालच होतो. 'सारे ठीक आहे' हे दुसऱ्या टोकाला सतत ऐकू आले पाहिजे. शांतता पसरली की बिघाड समजायचा.

संगणकांची जाळी सुरू झाली तेव्हा हे शहाणपण तिथे नव्हते. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी 'इथरनेट'ची उभारणी सुरू केली. एकच जाड केबल आणि सारे संगणक तिलाच जोडलेले. कोणी बोलत नसेल तेव्हा केबल शांत. त्यामुळे शांतता म्हणजे विश्रांती की बिघाड, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे बारीक केबल आली, तिच्यावर तर एक जोड सैल झाला की पूर्ण खोली बंद पडे आणि दोष शोधणारा टेबलांखाली रांगत फिरे.

१९९० साली 'टेन-बेस-टी' हे मानक आले आणि चित्र पालटले. टेलिफोनसारख्या पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या, आणि प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती पेटीपर्यंत स्वतंत्र वायर. पाठवायला काही नसेल तेव्हाही प्रत्येक टोकाने सुमारे १६ मिलिसेकंदांनी एक छोटा स्पंद पाठवायचा, असा नियम झाला. पलीकडून स्पंद येत राहिले तर दिवा लागलेला. थोडा काळ आले नाहीत तर विझलेला. रॉबिन्सन यांचीच कल्पना, फक्त रुळांऐवजी तांब्याच्या तारा.

दिवा म्हणून प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, हाताशी होताच. निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड १९६२ साली तयार केला होता. तो काही मिलिअँपिअरवर चालतो आणि तारेच्या बल्बसारखा सहसा उडत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण उडू शकणारा दिवा विझला तर जोडणी गेली की दिवा गेला, हा नवा घोळ!

आता एक बारकावा. आपल्या बाजूचा दिवा आपण पाठवलेल्या स्पंदांनी लागत नाही, पलीकडून आलेल्यांनी लागतो. टेन-बेस-टीमध्ये पाठवण्याची आणि घेण्याची जोडी वेगळी असते. उंदराने एकच जोडी कुरतडली तर एका टोकाला दिवा लागलेला आणि दुसऱ्या टोकाला विझलेला, असे दृश्य दिसू शकते. तेव्हा दिवा पाहायचा तर दोन्ही टोकांचा. नंतरच्या उपकरणांत ही लक्षणे थोडी बदलली. १९९५ च्या 'फास्ट इथरनेट'पासून दोन्ही टोके स्पंदांच्या गुच्छांतून आपापला वेग एकमेकांना कळवून सौदा ठरवू लागली. १९९९ सालच्या गिगाबिट मानकाला तर तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली तर काही उपकरणे जोडणी नाकारतात, काही वेग कमी करून काम चालवतात; मग वेगाचा दिवा रंग बदलतो. कोणता रंग कोणत्या वेगाचा हे कंपनीगणिक वेगळे असते. ते पुस्तिकेतच पाहावे, अंदाज बांधू नये.

दिव्याच्या लुकलुकण्यावरही फार विसंबू नये. १०० मेगाबिट वेगाला १५०० बाइटचा संदेश सुमारे ०.१२ मिलिसेकंदात निघून जातो. एवढी चमक डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून मंडल ती ताणून लांबवते. यातही एक धडा दडला होता. जो लॉफ्री आणि डेव्हिड अम्फ्रेस यांनी २००२ साली दाखवले, की काही मोडेमांचे दिवे ताणलेले नव्हते. ते प्रत्येक बिटबरोबर उघडमीट करत होते आणि दुरून दुर्बिणीने पाहणाऱ्याला त्यातून मजकूर वाचता येत होता!

जुन्या हबवर एकाने पाठवलेला संदेश सर्वांकडे जाई. स्विच तो ज्याचा त्यालाच देतो. पहिला इथरनेट स्विच १९९० साली विनोद भारद्वाज यांच्या अमेरिकेतील कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे नाव 'कल्पना'. ती १९९४ साली सिस्कोने विकत घेतली.

तर हिरवा दिवा एवढेच म्हणतो: या वायरच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी जागे आहे. ते टोक कुठवर? शेजारच्या संगणकापर्यंत किंवा राउटरपर्यंत. राउटरपुढची इंटरनेटची वाट त्याला ठाऊक नाही. त्या वाटेसाठी दुसरा दिवा पाहावा लागतो. प्रकाशतंतूची जोडणी असेल तर तंतू ज्या पेटीत येतो तिच्यावर सहसा 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर तंतूवरून प्रकाश येतो आहे आणि पलीकडच्या केंद्राने आपल्याला ओळखले आहे. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने तंतू तोडला की 'लॉस' लाल होतो, आणि स्विचवरचे सगळे दिवे मात्र हिरवेच राहतात. दुरुस्तीच्या माणसाला फोनवर 'नेट नाही' एवढेच कळवले तर तो संगणक तपासायची साधने घेऊन निघेल. 'स्विच हिरवा, लॉस लाल' असे कळवले तर तंतू जोडायचे यंत्र घेऊनच निघेल.