मधुमेही रुग्णांची परिचर्या

मधुमेह आणि अवटू, परावटू, अधिवृक्क इ. अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांनी पीडित असलेल्या रुग्णांचा आहार, औषधयोजना, शारीरिक स्वच्छता व क्षणोक्षणी बदलणारी अवस्था यांवर लक्ष ठेवणे आणि स्वतःची काळजी घेण्यास त्यांना शिकविणे, या कार्याचा समावेश या परिचर्येत होतो. या विकारांपैकी बहुतेकांत एखादे औषध वा शस्त्रक्रिया यांनी उपचार संपत नाहीत. शरीरात जे निर्माण होत नाही ते दररोज, ठराविक मापाने व ठराविक वेळी बाहेरून पुरवावे लागते आणि माप चुकल्यास औषधच अपायकारक ठरते. म्हणून येथे वैद्याच्या निदानाइतकेच महत्त्व परिचारिकेच्या दक्षतेला आहे. मधुमेहाच्या बाबतीत ही परिचर्या रुग्णशय्येपासून रुग्णाच्या घरात कशी गेली, हे प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे सांगितले आहे.

चरकसंहितेत चिकित्सेचे वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रुग्ण असे चार पाद मानले असून परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता हे गुण असावेत, असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णास पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजने वा त्याहून अधिक चालण्यास सांगितले आहे. श्रमाचे महत्त्व यात अचूक ओळखलेले दिसते; अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र आजची कोणतीही परिचारिका देणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

इन्शुलीनपूर्व काळ : विसाव्या शतकाच्या आरंभी तरुण मधुमेही रुग्ण निदानानंतर बहुधा एकदोन वर्षांत दगावत. फ्रेडरिक मॅडिसन ॲलन या अमेरिकन वैद्यांनी 1914 पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात उपवासाची चिकित्सा अवलंबिली. मूत्रातील शर्करा नाहीशी होईपर्यंत रुग्णास उपाशी ठेवीत व नंतर अन्न थोडे थोडे वाढवीत. कार्बोहायड्रेटे निघून जावीत म्हणून भाज्या तीन वेळा उकळून पाणी टाकून देत. हे सर्व ग्रॅमच्या मापाने करण्याचे काम परिचारिकांकडे असे. भुकेने व्याकूळ झालेल्या रुग्णावर पहारा ठेवण्याचे अप्रिय कामही त्यांच्याच वाट्यास आले. ॲलन यांच्या एका बारा वर्षांच्या अंध रुग्णाच्या मूत्रात कडक पथ्य असूनही शर्करा सापडू लागली. त्याने दात घासण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यातील पक्ष्याचे दाणे खाल्ले होते, असे शोधाअंती उघडकीस आले. या चिकित्सेने आयुष्य काही काळ लांबे, परंतु ते उपासमारीचे आयुष्य असे. तथापि अन्नाचे वजन करणे, खाल्लेल्या व टाकलेल्या घासांची नोंद ठेवणे आणि मूत्राची नियमित परीक्षा करणे, ही या परिचर्येची मूळ शिस्त याच काळात घडली.

इन्शुलिनाचा शोध : टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड व जे. बी. कॉलिप यांच्या प्रयत्नांतून 1921-22 मध्ये इन्शुलीन उपलब्ध झाले. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास दिलेला पहिला अर्क अशुद्ध असल्याने फारसा लाभला नाही. 23 जानेवारीपासून दिलेल्या, कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र मुलाची प्रकृती स्पष्टपणे सुधारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूझ यांची कन्या एलिझाबेथ टोराँटोस आली. तीन वर्षांच्या उपवासाने तिचे वजन सु. 20 किग्रॅ. उरले होते. ब्लँच बर्जेस ही परिचारिका आजाराच्या काळात तिच्या सोबत राहून तिचे अन्न मोजून देत असे. एलिझाबेथ लवकरच स्वतःच इन्शुलीन टोचून घेण्यास शिकली व 1981 पर्यंत जगली.

बॉस्टनचे वैद्य एलियट जॉस्लिन (1869–1962) यांनी 7 ऑगस्ट 1922 रोजी ज्या पहिल्या रुग्णास इन्शुलीन दिले, ती एलिझाबेथ मज स्वतः परिचारिका होती. रोगाने ती इतकी क्षीण झाली होती की, घराबाहेर पडणेही तिला कठीण झाले होते. जॉस्लिन यांचा 1918 चा ग्रंथ वैद्य व रुग्ण या दोघांसाठी लिहिलेला होता. मधुमेही रुग्णास शिक्षण देणे हे उपचाराला जोडलेले काम नसून तोच उपचाराचा गाभा आहे, हे त्यांचे मत होते. या कामी वैद्यापेक्षा परिचारिका अधिक उपयोगी पडते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी तयार केलेल्या फिरत्या परिचारिका रुग्णाच्या घरी काही दिवस राहून सुई टोचणे, मूत्रपरीक्षा, अन्न मोजणे इ. गोष्टी कुटुंबियांना त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकवीत. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे जोन वॉकर या वैद्यांनी 1950 च्या सुमारास मधुमेही रुग्णांसाठी गृहभेटी देणाऱ्या परिचारिकांची योजना केली.

रुग्णकक्षातील काम : प्रारंभीचे इन्शुलीन अल्पकाळ टिकणारे असल्याने दिवसातून अनेकदा जेवणापूर्वी द्यावे लागे. काचेच्या पिचकाऱ्या व पोलादी सुया दर वेळी उकळून घ्याव्या लागत. त्याच त्या जागी टोचल्यास त्वचेखालील मेदात खड्डे वा गाठी होतात, म्हणून जागा बदलण्याचा क्रम ठरवीत. मूत्रपरीक्षेसाठी बेनेडिक्ट यांचा विक्रियाकारक वापरीत. परीक्षानळीत 5 मिलि. विक्रियाकारक व मूत्राचे आठ थेंब घेऊन उकळल्यास शर्करेच्या प्रमाणानुसार निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी वा विटकरी होई. भारतातील रुग्णालयांतही हा स्पिरिटचा दिवा आणि नळ्यांची रांग अनेक दशके परिचयाची होती.

सर्वांत मोठी चिंता रक्तशर्करा अतिशय कमी होण्याची असे. घाम, कंप, भूक, भ्रम व पुढे बेशुद्धी अशी लक्षणे थोड्या वेळात उद्‌भवतात. इन्शुलीन टोचल्यावर जेवणास उशीर झाला, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते; रुग्णाने ताटात टाकलेले अन्न मोजून त्याऐवजी संत्र्याचा रस देण्याची पद्धत याच भीतीतून आली. डेन्मार्कच्या हान्स हागेडॉर्न यांनी 1936 मध्ये दीर्घकाळ टिकणारे प्रोटामीन इन्शुलीन तयार केल्यावर टोचण्यांची संख्या कमी झाली. परंतु आता शर्करा मध्यरात्रीनंतर, रुग्ण झोपेत असताना उतरू लागली. रात्रपाळीच्या परिचारिकेस झोपलेल्या रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून घाम पाहावा लागे.

पायांची काळजी : दीर्घकालीन मधुमेहात तंत्रिकांचा ऱ्हास होऊन पायांची संवेदना कमी होते व रक्तपुरवठाही मंदावतो. जखम कळत नाही, ती चिघळते आणि कोथ होऊन पाय कापावा लागतो. येथे एका भारतीय अनुभवाचा लाभ झाला. वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे पॉल ब्रँड यांना असे आढळले की, बोटे रोगाने झडत नसून वेदना न जाणवल्याने होणाऱ्या इजांनी जातात. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी हेच तत्त्व मधुमेही पायांस लावले. रोज तळवे पाहणे, पायातण घालण्यापूर्वी आत खडा नाही ना हे तपासणे व मऊ तळाची पादत्राणे वापरणे, हे नियम आता परिचर्येचे अंग झाले आहेत. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्या आपल्याकडील रुग्णांस ते विशेष लागू पडतात.

इतर विकार : अवटू ग्रंथीच्या न्यूनतेवर जॉर्ज मरी यांनी 1891 मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून उपचार केला, त्यांची रुग्ण त्यानंतर 28 वर्षे जगली. अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास कसोटीचे असतात. मानेत रक्तस्राव होऊन श्वासनलिका दाबली जाऊ शकते, तर परावटू ग्रंथींस इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येतात व स्नायू आखडतात. ओठांभोवती मुंग्या येतात, ही रुग्णाची साधी वाटणारी तक्रार परिचारिकेने क्षुल्लक मानता कामा नये. अधिवृक्क ग्रंथींच्या न्यूनतेसाठी 1950 च्या सुमारास कॉर्टिसोन मिळू लागले. ताप वा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा वाढवावी लागते व औषध एकाएकी थांबविणे घातक असते, हे रुग्णास बजावून सांगावे लागते.

घरातील परिचर्या : बोटातील रक्ताच्या थेंबावरून शर्करा दाखविणाऱ्या पट्ट्या 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यास निघाल्या आणि 1980 च्या सुमारास रुग्ण स्वतःच घरी परीक्षा करू लागले. अमेरिका व कॅनडा यांतील 1,441 रुग्णांवर केलेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्‌भवण्याची शक्यता सु. तीन-चतुर्थांशाने घटल्याचे, परंतु शर्करा अतिशय उतरण्याचे गंभीर प्रसंग सु. तिपटीने वाढल्याचे दिसून आले. अशा नियंत्रणासाठी परिचारिकेशी वारंवार संपर्क ठेवणे आवश्यक होते.

भारतात 1955 मध्ये मुंबई येथे डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. येथे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेचे काम पत्नी, सून वा मुलगा करतो. मिलिलिटरमध्ये 40 एकके असलेले इन्शुलीन भारतात अजून मोठ्या प्रमाणावर वापरले जाते व 100 एककांचेही मिळते. त्यांच्या पिचकाऱ्या वेगळ्या असून पहिलीचे टोपण लाल व दुसरीचे नारिंगी असते. 100 एककांचे इन्शुलीन लाल टोपणाच्या पिचकारीत भरल्यास रुग्णास अडीचपट मात्रा जाते. म्हणून रुग्णास घरी पाठविताना कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग घरच्या माणसाकडून परिचारिकेसमोर मोठ्याने वाचून घेतात.